आमीचं मी

बिभीषण सर पहिल्यांदा गोंदगव्हाणला आले, त्या दिवशी बद्रीनाथ आबांनी बैठकीचं दार आतून लावून घेतलं आणि मुक्ताबाईच्या मनात पाल चुकचुकली. त्या घरात बैठकीचं दार दोनच कारणांनी लागायचं. कुणाचं तिकीट कापायचं असलं तर, नाहीतर वाटणीची बोलणी असली तर. तिकिटांचा हंगाम अजून लांब होता. वाटणी करावी, तर मुलगा एकुलता एक. मग दार लावून दोन माणसं आत काय करतात, हे बायकोनं शोधायचं नाही तर कुणी शोधायचं?

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सून राजनंदिनी चहा घेऊन आत गेली आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर आली.

"आत्या, आबा आत्मचरित्र लिहायलेत," ती म्हणाली. "ते बोलायलेत अन् सर फोनमध्ये भरून घ्यायलेत."

यातला फोन मुक्ताबाईला आवडला नाही. समोर फोन ठेवून माणूस बोलतो, तो एकतर जबाब देतो नाहीतर दुसऱ्याला अडकवतो, असा तिकडचा सर्वसाधारण समज. आणि आबांना जबाब द्यायला लागेल असं सध्या तरी काही चालू नव्हतं.

पुस्तकाचं खूळ आबांच्या डोक्यात शिरलं ते गेवराईच्या तानाजीरावांमुळे. तानाजीरावांचं आत्मचरित्र मागच्या वर्षी निघालं. प्रकाशनाला मंडप, शाली आणि जेवणात गुलाबजाम होते. आबांनी ते पुस्तक एका रात्रीत वाचलं आणि सकाळी कुणाशी बोलले नाहीत. तानाजीरावांच्या आयुष्यात सांगण्यासारखं एकच घडलं होतं, ते म्हणजे आबांनी त्यांना निवडणुकीत दोनदा पाडलं होतं, आणि तेवढंच नेमकं पुस्तकात नव्हतं.

बिभीषण सर बीडच्या एका कॉलेजातून मराठी शिकवून निवृत्त झालेले. स्वतःच्या नावावर त्यांनी एक ओळही छापली नव्हती, पण जिल्ह्यातल्या अर्ध्याअधिक पुढाऱ्यांचं आयुष्य त्यांच्या हातून गेलं होतं. इतक्या लोकांचं 'मी' लिहून झालं होतं, की स्वतःबद्दल बोलताना ते 'आपण' म्हणत. आपण साखर कमी घेतो. आपण उन्हाचं निघत नाही.

त्यांचं नावही मुक्ताबाईला खटकलं. रामायण तिनं दरवर्षी सप्ताहात ऐकलं होतं. या नावाच्या माणसाला घरातलं ऐकायला बसवू नये, एवढं तरी त्यातून तिला कळलं होतं. आबा त्याच मंडपात पहिल्या रांगेत बसायचे. पण पुढारी कीर्तनात मान हलवायला बसतो, ऐकायला नाही.

बैठकीची एक खिडकी मागच्या ओसरीत उघडायची. त्या खिडकीत कूलर बसवलेला. कूलरला पाणी बाहेरून, बादलीनं घालावं लागे. एरवी ते काम गड्याचं. बिभीषण सर यायला लागले तसं मुक्ताबाईनं ते आपल्याकडे घेतलं. बादली टेकवायची, तांब्यानं हळूहळू पाणी ओतायचं आणि जाळीला कान लावायचा. त्या उन्हाळ्यात कूलर जेवढं पाणी प्याला, तेवढं तो जन्मात प्याला नव्हता.

आत्मचरित्र कसं लिहितात, हे गावात आबांच्या आधी मुक्ताबाईला कळलं ते असं.

सर विचारायचे, आबा सांगायचे, आणि सर ते दुरुस्त करायचे. पुस्तकाची सुरुवात आईपासून करायची असते. बाप कडक लागतो. शाळा लांब लागते. आबांनी सांगितलं की ते शाळेला घोडीवर जायचे, गडी लगाम धरून पुढं चालायचा. सर म्हणाले, घोडी नको. वाचकाला पायी लागतं. आबांना ती घोडी फार प्रिय होती, नाव हरणी. त्यांनी बरीच घासाघीस केली. शेवटी घोडी गेली आणि गडी राहिला. तो पुस्तकात 'माझा बालमित्र' झाला आणि दोघं पायी निघाले.

"उपाशी कधी झोपला होतात का आबा?" सरांनी एकदा विचारलं.

"एकादशीला," आबा म्हणाले.

"तेच घेऊ. तिथी टाकायची नाही."

कूलरमागे मुक्ताबाईनं पदर तोंडात धरला.

पुस्तकात एक वाईट माणूसही लागतो, पण तो मेलेला असावा, जिवंत माणूस कोर्टात जातो, हेही तिला तिथंच कळलं. आबांनी मेलेल्यांमध्ये बरीच शोधाशोध केली. आणि बायको? बायकोला सरांच्या पद्धतीत एक परिच्छेद होता. शेवटच्या प्रकरणात, आभाराच्या थोडं अलीकडे. तिच्या साथीशिवाय हे शक्य नव्हतं, अशी त्याची ओळ ठरलेली होती. सरांनी ती फोनमध्ये आधीच तयार ठेवली होती, फक्त नाव बदलायचं.

एका परिच्छेदाबद्दल मुक्ताबाईची तक्रार नव्हती. संसाराबद्दल जास्त लिहिलं असतं तर उलट तिलाच घोर लागला असता. ती कान लावून बसली होती ती दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. आबा वाळूपाशी कधी येतात, आणि आल्यावर काय बोलतात.

ही वाळूची गोष्ट इथं सांगून टाकलेली बरी.

बऱ्याच वर्षांपूर्वी गोंदगव्हाणच्या सरपंचपदाला महिलांचं आरक्षण पडलं. आबांची तयारी झालेली होती, बॅनरसुद्धा रंगवून झाले होते. मग बॅनरवरच्या नावाच्या पुढं 'मुक्ताबाई' एवढं जोडलं आणि काम भागलं. मुक्ताबाई निवडून आली. तेव्हापासून गावात आबांना सरपंच म्हणायला लागले. ग्रामपंचायतीत खुर्चीवर आबा बसायचे, खाली सतरंजीवर सरपंच. कागद आला की आबा वाचायचे, मान हलवायचे आणि खाली द्यायचे. मुक्ताबाई सही करायची. सही ती त्यासाठीच शिकली होती. मग सही येते तर पुढचं वाचायलाही शिकली, ते मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात नदीतली वाळू लिलावाला देण्याचा ठराव ग्रामसभेत आला. आला म्हणजे टाईप होऊनच आला. ठेकेदार आबांच्या जीपमधूनच उतरला होता. ठराव वाचून झाला, हात वर झाले, कागद खाली सतरंजीवर आला.

आता, उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र कोरडं पडलं की गोंदगव्हाणच्या बायका वाळूत हातानं खड्डा करायच्या. त्याला झिरा म्हणतात. खड्ड्यात पाणी झिरपून येतं, वाटीवाटीनं घागर भरायची. वाळू गेली की झिरा गेला, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि एकाही पुरुषाला नव्हतं, कारण घागर त्यांच्यापर्यंत भरूनच यायची. मुक्ताबाईनं कागद वाचला. मागं बसलेल्या भिवराबाईकडे आणि इतर बायकांकडे पाहिलं. पेन खाली ठेवला.

"आमी सही करणार न्हाई," ती म्हणाली.

सभा चिडीचूप झाली. ठेकेदारानं आबांकडे पाहिलं. आबांनी क्षणभर बायकोकडे पाहिलं. आबा पुढारी का झाले आणि बाकीचे का झाले नाहीत, ते त्या क्षणाला कळलं. ते खुर्चीवरून उठले, टोपी सारखी केली आणि जणू आपणच हे वाक्य बायकोला पाठ करून आणलं होतं अशा थाटात म्हणाले, "आईकलं न्हवं? आमी सही करणार न्हाई म्हणजे न्हाई."

टाळ्या पडल्या. आबांनी वाळू वाचवली, असं पंचक्रोशीत झालं. त्या एका वाक्यावर आबा बाजार समितीत गेले, तिथून जिल्हा परिषदेत. घरी आल्यावर त्यांनी मुक्ताबाईशी बोलणं टाकलं होतं, ते पहिला हार गळ्यात पडल्यावर परत सुरू झालं.

मुक्ताबाईनं यावर कधी तोंड उघडलं नाही. तिनं 'आमी' म्हटलं होतं ते बायकांचं. आबांनी 'आमी' म्हटलं ते पुढाऱ्यांचं असतं तसं. पण शब्द एकच होता आणि त्यात सगळेच मावत होते. आबा गावोगाव सांगायचे, आमी उठलो, आमी म्हणलो. मुक्ताबाई मनात म्हणायची, बरोबर आहे, मी म्हणाले, तुम्ही उठलात. एसटीत खिडकी दुसऱ्याला मिळाली तरी आपलं तिकीट आपल्याजवळ असतं, तसं तिचं त्या 'आमी'त होतं.

तर आबा वाळूपाशी आले त्या दिवशी लाईट सकाळपासून नव्हती. कूलर बंद होता आणि आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मुक्ताबाई बादली घेऊन हजर.

आबांनी रंगवून सांगितलं. नदी, ऊन, ठेकेदाराची मिशी. ठेकेदार कुणाच्या जीपमधून उतरला ते सोडून सगळं आलं. मग आवाज खाली आला, जसा भाषणात यायचा.

"आमी उठलो. आमी म्हणलो, आमी सही करणार न्हाई."

मुक्ताबाईनं श्वास सोडला. तिकीट होतं.

तेवढ्यात सरांनी फोन बंद केला. त्यांनी आबांना समजावलं की प्रसंग उत्तम आहे, पुस्तकाचा कळस हाच होणार, फक्त एक अडचण आहे. भाषणात 'आमी' शोभतं. पुस्तकात ते सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालासारखं वाटतं. वाचक लगेच विचारतो, आमी म्हणजे कोण कोण?

"आत्मचरित्रात एकच माणूस उभा राहतो आबा," सर म्हणाले. "मी."

मुक्ताबाईनं तांब्या अधांतरी धरून ठेवला. आमी म्हणजे कोण कोण, हे जगात आबांइतकं नेमकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आबा तसे खोटं बोलणारे नव्हते. शब्द निवडून बोलायची सवय असली की खोट्याची फारशी गरज पडत नाही.

"म्हंजे समदीकडंच मी करायचं?" आबांनी विचारलं.

"सगळीकडे."

"मग करा."

तांब्यातलं पाणी मुक्ताबाईच्या पायावर सांडलं. ते ओसरीवरून वाहत दाराशी गेलं. थोड्या वेळानं आबा बाहेर आले तर पायाखाली चिखल.

"कावून गं, सारखं पाणी घालायलीस त्या कूलरला?"

"गरम व्हायलंय."

"लाईट न्हाई सकाळपासून."

"आल्यावर लागंलच की," मुक्ताबाई म्हणाली आणि बादली घेऊन गेली. आबा त्या कूलरकडे बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी बिभीषण सर अंगणात स्कूटरला किक मारत होते. मुक्ताबाई तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं आली. त्या दिवशी तिच्या हातात पाणीच पाणी होतं.

तिनं विचारलं, तुम्ही मराठीचे सर ना. सर म्हणाले, हो वहिनी.

"आमी गेलो, असं म्हणलं तर त्यात बाई बसती का?"

"बसते की. आमीत बाईही बसते, पुरुषही बसतो."

"आन मी गेलो म्हणलं तर?"

"तो पुरुष झाला. बाई असली तर मी गेले."

"मग आमीचं मी करताना त्यातली बाई कुटं गेली?"

सरांचा पाय किकवरच राहिला. हा प्रश्न व्याकरणाचा नाही, हे कळण्याइतकं त्यांनी पुढाऱ्यांच्या घरांतलं मीठ खाल्लं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, त्या वेळी सरपंच कोण होतं?

"मी होते."

"आणि आबा?"

"ते खुर्चीत होते."

मग मुक्ताबाईनं आपलं म्हणणं शांतपणे सांगितलं. पुस्तकात आमी ठेवलं तर ती गप्प बसेल. इतकी वर्षं बसलीच आहे. मी छापलं, तर प्रकाशनाच्या कार्यक्रमात ती उठेल, आणि उठल्यावर ठेकेदार कुणाच्या जीपमधून उतरला तिथपासून सांगेल. सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती पुढाऱ्यांच्या संगतीनं लागलेली सवय, हे मुक्ताबाईला कळलं नाही. स्कूटर वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती पाहत राहिली. हा आता कुणाला जाऊन सांगेल, आणि काय?

दुसऱ्या दिवशी सरांनी विषय काढला. मुक्ताबाई बादलीशिवायच खिडकीपाशी उभी होती.

त्यांनी फार आडवळणानं सुरुवात केली. आबा, तारखा तपासून घेतलेल्या बऱ्या. उद्या तानाजीरावांचा माणूस उठून काही म्हणायला नको. सरपंच तुम्हीच होता ना? आबा म्हणाले, कागदावर तिचं नाव होतं, आरक्षण पडलतं, कामाला आमीच. सर म्हणाले, मग 'मी सही केली नाही' हे कसं बसवायचं?

"न्हाईच केली मी," आबा म्हणाले. "खोटं हाय का?"

"खरंय. पण तशी आपणही केली नव्हती आबा. आपण तेव्हा अंबाजोगाईला होतो."

मग आबांचा आवाज आला, अगदी सावकाश.

"तुमाला ह्ये कुणी सांगितलं?"

सरांची नजर खिडकीकडे गेली असावी. कारण आबांची पावलं वाजली आणि कूलरच्या जाळीमागे दोघं नवरा-बायको समोरासमोर आले. मध्ये वाळ्याची ताटी.

त्या दिवसापासून पुस्तकाचं काम बीडला हललं. आबा सकाळी निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. आबांनी सरांना निक्षून सांगितलं होतं की 'मी'च ठेवा, एवढं राजनंदिनीला नवऱ्याकडून, प्रवीणकडून, कळलं. सर काय म्हणाले? सर म्हणाले, बघतो. हे ऐकून मुक्ताबाईचा जीव भांड्यातही पडला नाही आणि टांगणीलाही लागला नाही. मधेच कुठंतरी राहिला. बीड जिल्ह्यात 'बघतो' म्हणणाऱ्यानं काम केल्याचीही उदाहरणं आहेत आणि न केल्याचीही, पण काय केलं ते सांगितल्याचं उदाहरण नाही.

घरात मात्र पुस्तक बोलायला लागलं होतं. आबा आजवर कधीही 'मी' म्हणत नसत. आमी आंघोळीला चाललो, आमाला चहा द्या, आमचं डोकं दुखायलंय. लग्न करून आली तेव्हा मुक्ताबाईला वाटायचं, चहा दोघांना हवाय. आता आबा म्हणायला लागले, मी जेवतो. मी झोपतो. एकदा 'मी'ची चव लागल्यावर माणसाला परत 'आमी' गोड लागत नसावं. मुक्ताबाई वाढता वाढता थांबायची. तीच भाकरी, तीच आमटी, पण समोर बसलेला माणूस एकटाच जेवतोय असं तिला वाटायचं.

तिनं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, पुस्तकात वाळूचं आलंय का? आबांचा घास हातात राहिला.

"तुला कावून पायजे?"

"इचारलं आपलं."

"आलंय."

"बरं."

त्या 'बरं'वर आबा रात्रभर कुशी बदलत होते. त्या दिवसांत मुक्ताबाईनं केलेली प्रत्येक गोष्ट त्यांना कशाची तरी तयारी वाटायची. तिनं त्यांच्या आवडीचं धपाटं केलं, तर आज कावून केलं? तिनं नवी साडी काढून ठेवली, तर ती कार्यक्रमाची की उठायची? छपाईआधीचे कागद त्यांनी लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली बंडीच्या खिशात. मुक्ताबाईला ती बंडी रोज धुवायला मिळायची. किल्ली काढून ती उशीखाली ठेवायची आणि बंडी धुवायची. चोरून वाचलं असतं तर चोरूनच उठावं लागलं असतं. तिला ते करायचं नव्हतं.

प्रकाशन बीडला झालं. मंडप तानाजीरावांच्यापेक्षा मोठा, आणि गुलाबजामच्या जोडीला बासुंदी. व्यासपीठावर एक माजी मंत्री, आबा आणि टोकाला बिभीषण सर. पहिल्या रांगेत तानाजीराव, चेहऱ्यावर दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखं हसू. डाव्या अंगाला बायकांच्या खुर्च्या. मुक्ताबाई नवी साडी नेसून तिथं बसली, शेजारी राजनंदिनी, मागं गोंदगव्हाणच्या बायका. आबांची नजर दर दोन मिनिटांनी तिच्याकडे यायची आणि ती खुर्चीत बसलेली आहे एवढं पाहून परत जायची.

चकचकीत कागद सोडवून पुस्तकाचं प्रकाशन झालं. 'मी गोदाकाठचा'. प्रती वाटल्या गेल्या. राजनंदिनीनं पानं उलटली. मी जन्मलो, मी शिकलो, मी पडलो, मी निवडून आलो. प्रत्येक पानावर 'मी' मुंग्यांसारखे पसरलेले. मुक्ताबाईनं पदर कमरेला खोचला.

"ह्ये बघा आत्या," राजनंदिनीनं पान पुढं केलं.

मुक्ताबाईनं बोट ठेवून वाचायला घेतलं. ग्रामसभा घेण्यात आली. ठराव मांडण्यात आला. कागद सरपंचांकडे देण्यात आला. सभागृहात शांतता पसरली. सही करण्यात आली नाही.

तिनं परत वाचलं. मी नव्हतं. आमीही नव्हतं. पुस्तकभर एवढी गर्दी आणि त्या एका प्रकरणात माणूसच नाही. नदी होती, कागद होता, पेनसुद्धा होता. सही जणू आपोआपच झाली नव्हती.

तिनं व्यासपीठावर पाहिलं. बिभीषण सर छातीवरच्या गुलाबाची एकेक पाकळी तपासत होते. रामायणातल्यानं निदान एक बाजू धरली होती. यानं दोन्हीकडचं मीठ खाऊन दोघांनाही किनाऱ्यावर ठेवलं होतं आणि पूल सरकारी भाषेचा बांधला होता. आता उठावं तर कशावर? 'मी' छापलं तर उठेन, असं तिनं सांगितलं होतं. छापलेलं नव्हतं. तिनं पदर सोडला आणि बसून राहिली. वर आबांनी ते पाहिलं आणि त्यांचे खांदे सैल झाले.

माजी मंत्री बोलायला उभे राहिले. पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं, पण त्यात एक खूणपट्टी होती. ती कुणी ठेवली, ते कुणी कधी विचारलं नाही. त्यांनी तिथं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "सही करण्यात आली नाही." मग चष्मा काढला. केवढा हा विनय, ते म्हणाले. आजकाल माणूस न केलेलं स्वतःच्या नावावर सांगतो आणि इथं हा माणूस केलेलंही सांगत नाही. मी म्हणू शकत असूनही मी म्हणत नाही. मग त्यांनी हात पसरून सगळ्या मंडपाला विचारलं, "ही सही कोणी केली नाही? सांगा तुम्ही. कोणी केली नाही?"

अशा प्रश्नानंतर एक जागा मोकळी सोडतात. मागं उभ्या असलेल्या प्रवीणच्या कार्यकर्त्या पोरांनी 'आबांनी' म्हणायला घसा साफ केला.

मुक्ताबाई उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.

माईक नव्हता, पण तो शब्द त्या मोकळ्या जागेत नीट बसला. घसा साफ केलेली पोरं तशीच राहिली. आबांच्या हातातला नारळ थोडा कलला. बिभीषण सरांनी गुलाब सोडून दिला आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

मग माजी मंत्री हसले. बघा, ते म्हणाले, अशी हजरजबाबी पत्नी ज्याच्या घरात आहे तो माणूस का मोठा होणार नाही. मंडप हसला, टाळ्या पडल्या. आबाही हसले, ओठांनी हसले, डोळे मुक्ताबाईवर. बायकांच्या खुर्च्यांमध्ये मात्र गोंदगव्हाणच्या रांगेतून कुणी हसलं नाही. आणि पहिल्या रांगेत तानाजीराव हसले नाहीत. त्यांनी आपल्या प्रतीत ते पान शोधलं आणि त्याचा कोपरा दुमडून ठेवला.

जेवणानंतर आबा एका टेबलाशी बसून प्रतींवर सह्या देत होते. पुढं रांग होती. ती रांग ओलांडून भिवराबाई बायकांच्या बाजूला आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तक मुक्ताबाईच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, ते मघाचं कुठं हाय ते दाव. मुक्ताबाईनं पान काढून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं कर सही," भिवराबाई म्हणाली.

राजनंदिनीनं पेन दिला. सरपंच असताना जशी करायची तशीच, एकेक अक्षर बसवून, मुक्ताबाईनं 'सही करण्यात आली नाही' याच्या खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग भिवराबाईच्या मागची बाई पुस्तक घेऊन पुढं आली. मग तिच्या मागची.

आबा टेबलावरून उठून आले. त्यांनी भिवराबाईच्या हातातलं पुस्तक घेतलं, ते पान पाहिलं, नाव वाचलं.

"हितं कावून सही केलीस?"

मुक्ताबाईनं पुढच्या बाईचं पुस्तक उघडलं.

"राहिलती," ती म्हणाली.